वीज-पाण्याची जोडणी : करारातल्या एका ओळीत काय काय दडलेलं असतं

गृहप्रकल्पाच्या करारनाम्यात, बहुधा मागच्या पानांवर, एक ओळ असते : ‘विकासक वीज, पाणी, सांडपाणी व इतर आवश्यक सेवांची जोडणी उपलब्ध करून देईल.’ वाचणारा मान डोलावतो आणि पुढच्या कलमाकडे वळतो. इमारत उभी राहिली की वीज येणारच, नळ लागणारच, असं आपण गृहीत धरलेलं असतं.

पण ही ओळ पुन्हा वाचून पाहा. वीज किती, पाणी कोणत्या दाबाने, कधीपर्यंत, कुणाच्या जमिनीतून, कुणाच्या खर्चाने आणि नंतर देखभाल कुणाची, यातलं काहीही तिच्यात नाही. तात्पुरत्या जोडणीवर एक बल्ब लावून दाखवला तरी तिची पूर्तता झाली असं म्हणता येईल. या जोडणीचे करार होतात तेव्हा टेबलाच्या एका बाजूला विकासक असतो आणि दुसऱ्या बाजूला वीज कंपनी किंवा पाणीपुरवठा संस्था. पुढची पन्नास वर्षं त्या नळाचं पाणी पिणारा माणूस त्या खोलीत नसतो. त्याच्या वतीने बोलायला कराराच्या कलमांशिवाय दुसरं कुणी नाही, म्हणून ती कलमं नेमकी असायला हवीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ‘जोडणीचा करार’ असा एकच कागद नसतो. विकासक आणि सेवा देणारी संस्था यांच्यात एक करार असतो. विकासक आणि घर घेणारा यांच्यात दुसरा. खोदाई करून नळ-केबल टाकणाऱ्या कंत्राटदाराशी तिसरा, आणि वाटेत दुसऱ्याची जमीन लागली तर तिच्या मालकाशी चौथा. गोंधळ होतो तो या कागदांच्या मधल्या फटीत. समजा, वीज कंपनीच्या करारात ‘अंदाजे १८ महिने’ लिहिलंय आणि विकासकाने ग्राहकांना १२ महिन्यांत ताबा द्यायचं कबूल केलंय. मधल्या सहा महिन्यांची जबाबदारी कुणाचीच नाही. चांगला वकील पहिल्यांदा हे सगळे करार शेजारी-शेजारी ठेवून तारखा, भार आणि नकाशे जुळतात का ते बघतो.

क्षमता : सगळ्यात महागडा शब्द

वायर आणून टाकणं आणि त्या वायरीतून पुरेशी वीज मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. करारात ‘क्षमता’ आकड्यात लिहिलेली असावी, आणि ती आपल्यासाठी राखून ठेवली आहे की फक्त ‘उपलब्ध असल्यास’ मिळणार आहे हेही स्पष्ट असावं.

एक हिशेब करून पाहू. समजा, २०० घरांचा प्रकल्प आहे आणि प्रत्येक घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येईल तो आकडा, ५ किलोवॅट. बेरीज १,००० किलोवॅट होते. पण सगळी घरं एकाच क्षणी गीझर, इस्त्री आणि एसी लावत नाहीत, म्हणून अभियंते या बेरजेचा काही हिस्साच प्रत्यक्ष मागणी म्हणून धरतात. इथे ४० टक्के धरला तर ४०० किलोवॅट झाले. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचे ५० मिळवा : ४५० किलोवॅट. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, ०.९ धरला तर ५०० केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता याच एककात मोजतात). तेवढ्या भाराची मागणी होते, तेवढा ट्रान्सफॉर्मर बसतो.

आता यातले ६० रहिवासी विजेवर चालणारी गाडी घेतात आणि ७ किलोवॅटचा चार्जर लावतात. रात्री सगळे एकदम चार्जिंगला लावले तर ४२० किलोवॅट, म्हणजे जवळजवळ आधीच्या मागणीइतकीच आणखी मागणी. वेळा वाटून देऊन हा आकडा खाली आणता येतो, पण शून्यावर नाही. त्या वेळी ट्रान्सफॉर्मर बदलायचा खर्च कुणाचा? ४० टक्क्यांचा तो आकडा कुणी, कशाच्या आधारावर धरला, हे करारात कुठेच नसेल तर उत्तर सरळ आहे : रहिवाशांचा. म्हणून भाराचा हिशेब परिशिष्ट म्हणून कराराला जोडलेला असावा, त्यात चार्जिंग धरलंय की नाही ते लिहिलेलं असावं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची जागा सोडलेली असावी. आज जागा सोडायला फारसं काही लागत नाही. नंतर ती कुठूनच निर्माण करता येत नाही.

क्षमता संपू शकते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. २०२२ मध्ये पश्चिम लंडनमध्ये तेच झालं. हिलिंग्डन, ईलिंग आणि हाउन्स्लो या भागांत डेटा सेंटरांनी विजेची बरीच क्षमता आधीच घेऊन ठेवली होती. नव्या मोठ्या गृहप्रकल्पांना सांगितलं गेलं की पूर्ण जोडणीसाठी काहींना २०३५ पर्यंतही थांबावं लागेल. जमीन होती, परवानगी होती, गिऱ्हाईक होतं, वीज नव्हती. ज्यांच्या करारात क्षमता तारखेसकट राखून ठेवलेली असते ते अशा वेळी रांगेत पुढे असतात.

अर्थात राखून ठेवण्यालाही किंमत असते. सेवा देणारी संस्था म्हणते, ‘ठरलेल्या मुदतीत वापरली नाही तर क्षमता परत घेऊ.’ हे मला रास्त वाटतं, नाहीतर लोक नुसतीच अडवून ठेवतील. पण प्रकल्प टप्प्याटप्प्याने होणार असेल तर ही अट टप्प्यांशी जुळवून घ्यावी. पहिल्या टप्प्याला दोन वर्षं लागली म्हणून तिसऱ्या टप्प्याची क्षमता जाऊ नये.

‘कायद्याने जोडणी द्यावीच लागते, मग करारात एवढं कशाला?’ असा प्रश्न येतो. कायदा आहे हे खरंच. भारताच्या २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ सांगतं की अर्ज आल्यावर एका महिन्यात वीजपुरवठा द्यायचा. पण त्याच कलमात पुढे अपवाद आहे : वाहिन्या वाढवाव्या लागत असतील किंवा नवं उपकेंद्र लागत असेल तर ते काम झाल्यावर, किंवा वीज नियामक आयोग ठरवेल त्या मुदतीत. मोठ्या प्रकल्पांचा नेमका याच अपवादाशी संबंध येतो.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री अ‍ॅक्टच्या कलम १०६ खाली सार्वजनिक मलवाहिनीला जोडून घेण्याचा हक्क आहे. वेल्समधल्या एका प्रकल्पात, ९८ घरं आणि एक प्राथमिक शाळा, पाणी कंपनी म्हणाली की तुम्ही निवडलेल्या ठिकाणी मलवाहिनीची क्षमता पुरणार नाही, तेव्हा दुसरीकडे जोडा. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ मध्ये ‘बॅरट होम्स विरुद्ध द्वर कमरी’ या निकालात न्यायालयाने सांगितलं की जोडण्याची जागा निवडायचा हक्क विकासकाचा आहे. कंपनी जोडणीची पद्धत आणि बांधणी यावर हरकत घेऊ शकते, क्षमता कमी आहे म्हणून नकार देऊ शकत नाही. विकासक जिंकला. पण खटला जिंकल्याने नळाची रुंदी वाढत नाही. ज्याला तिथे राहायचं असतं त्याला हक्काबरोबर प्रत्यक्ष वाहून जाणारं सांडपाणीही हवं असतं, आणि ते काम कोण, केव्हा, कुणाच्या पैशाने करणार हे करारातच ठरवावं लागतं.

जोडणीचा बिंदू आणि त्याची पातळी

‘जोडणीचा बिंदू’ म्हणजे सार्वजनिक जाळं संपतं आणि प्रकल्पाचं सुरू होतं ती जागा. त्या जागेच्या जाळ्याकडच्या बाजूचा बिघाड संस्थेचा, प्रकल्पाकडच्या बाजूचा तुमचा. पुष्कळ करारांत ही जागा ‘प्रकल्पाच्या हद्दीजवळ’ अशी लिहिलेली असते. ‘जवळ’ म्हणजे किती, हा प्रश्न रस्ता खोदायची वेळ आली की पडतो. नकाशावर ठिपका हवा, आणि मलवाहिनीच्या बाबतीत ठिपकाही पुरत नाही, खोलीही हवी.

खोली का, ते सांगतो. सांडपाणी उताराने जातं. समजा, प्रकल्पातल्या शेवटच्या चेंबरमध्ये नळ जमिनीखाली ०.९ मीटरवर आहे, तिथून सार्वजनिक मलवाहिनी ८० मीटरवर आणि जमीन सपाट. १:८० चा उतार द्यायचा तर ८० मीटरमध्ये नळ १ मीटर खाली जाईल, म्हणजे तिथे पोहोचताना १.९ मीटर खोल असेल. पण सार्वजनिक मलवाहिनी तिथे १.१ मीटरवरच असली तर? हातात उरला २० सेंटिमीटरचा उतार, म्हणजे १:४००. दीडशे मिलिमीटरच्या नळात एवढ्या सपाट उताराने मैला वाहून जात नाही, साचत जातो. मग एकच मार्ग उरतो : पंप. पंप म्हणजे वीजबिल, दुरुस्ती, राखीव पंप, वीज गेल्यावर जनरेटर, आणि हे सगळं कायमचं. नकाशावर एक खोलीचा आकडा न लिहिल्याचा हा परिणाम. म्हणून करारात जोडणीच्या चेंबरची तळपातळी लिहून घ्यावी आणि ती प्रत्यक्ष खोदून तपासलेली आहे की जुन्या नोंदीवरून घेतलेली, हेही लिहून घ्यावं. जुन्या नोंदी चुकीच्या निघाल्या तर वाढीव खर्च कुणी सोसायचा, यासाठी वेगळं वाक्य लागतं.

पाण्याचं तसंच. ‘२५ मिलिमीटरची नळजोडणी’ एवढं लिहून भागत नाही. नळ केवढा आहे त्यापेक्षा त्यातून मिनिटाला किती लिटर, कोणत्या दाबाने आणि किती तास येणार हे महत्त्वाचं. १ बार दाब म्हणजे साधारण १० मीटर उंचीपर्यंत पाणी चढवण्याची ताकद. चौथ्या मजल्याला ती पुरत नाही, मग टाकी आणि पंप आले. दाबाचा किमान आकडा करारात असेल तर टाकी केवढी बांधायची ते आधीच ठरवता येतं.

टेलिफोन आणि इंटरनेटबद्दल एवढंच : एकाच कंपनीला वर्षानुवर्षांची मक्तेदारी देणारं कलम दिसलं तर ते काढून टाकायला सांगा. रिकामे पाइप टाकून ठेवले की पुढे कुणालाही केबल आणता येते.

वाट कुणाच्या जमिनीतून

नळ आणि केबल हवेतून येत नाहीत. वाटेत शेजाऱ्याची जमीन असेल तर तिच्यातून नेण्याचा हक्क, म्हणजे सुविधाधिकार, लेखी आणि नोंदणीकृत हवा. ‘शेजारी चांगला आहे, हो म्हणालाय’ ही परवानगी त्या शेजाऱ्यापुरती असते, त्याने जमीन विकली की ती संपते. हक्क व्यक्तीला न देता जमिनीला चिकटलेला असावा, आणि त्यात नळ टाकण्याबरोबरच दुरुस्तीसाठी आत जाण्याचा, खोदण्याचा, पुढे मोठा नळ टाकण्याचा हक्कही असावा. जुना नळ बदलायला गेल्यावर ‘तुम्हाला तेवढ्याच व्यासाचा नळ टाकायची परवानगी आहे’ असं ऐकायला लागू नये.

मधे अडकलेली अरुंद पट्टी किती महाग पडू शकते याचं एक जुनं उदाहरण आहे. १९६१ च्या ‘स्टोक्स विरुद्ध केंब्रिज’ या इंग्लंडमधल्या प्रकरणात मागच्या जमिनीचा विकास करायचा तर दुसऱ्याच्या जमिनीतून रस्ता घेणं भाग होतं. त्या वाटेची किंमत म्हणून विकासामुळे वाढणाऱ्या मूल्याचा एक तृतीयांश हिस्सा धरला गेला. तिथल्या वाटाघाटींत हे प्रमाण आजही सुरुवातीचा आकडा म्हणून पुढे येतं. तो वाद रस्त्याचा होता, पण मलवाहिनीच्या वाटेलाही हेच गणित लागू पडतं. म्हणून जमीन घ्यायच्या आधी वाट पक्की करावी. घेतल्यानंतर पट्टीचा मालक भाव सांगतो आणि तुम्ही ऐकता.

पैसे

खर्चाचे दोन भाग असतात : फक्त तुमच्यासाठी टाकलेली लाइन, आणि तुमच्यामुळे मूळ जाळ्यात करावी लागलेली वाढ. पहिला खर्च तुमचा हे समजण्यासारखं आहे. दुसऱ्याचा फायदा पुढे इतरांनाही होतो, म्हणून त्यात वाटणी हवी. पहिल्या विकासकाने सगळा पैसा भरून मोठी लाइन आणली आणि पाच वर्षांनी शेजारच्या दोन प्रकल्पांनी तिच्यातूनच जोडणी घेतली, तर त्यांच्याकडून येणारा हिस्सा पहिल्याला परत मिळावा. असं परतफेडीचं कलम मागून घ्यावं लागतं, आपोआप येत नाही. त्यात किती वर्षं, कोणत्या प्रमाणात आणि हिशेब कोण ठेवणार एवढं लिहिलं की पुरे.

दुसरं लक्ष द्यायचं ते ‘अंदाजपत्रक’ या शब्दावर. अंदाज आणि अंतिम आकारणी यांत किती फरक चालेल, ठरावीक टक्क्यांच्या वर गेला तर आधी कळवायचं की नाही, आणि जास्त भरलेले पैसे किती दिवसांत परत, ही तीन वाक्यं नसतील तर ती रक्कम कितीही फुगू शकते. हाच वाढीव खर्च विकासक ग्राहकांकडून ‘इतर आकार’ म्हणून मागतो. घर घेणाऱ्याने आपल्या करारात जोडणीचा खर्च किमतीत धरलाय की वेगळा, आणि वेगळा असेल तर त्याची कमाल मर्यादा काय, हे विचारलंच पाहिजे.

उशीर झाला तर

सेवा देणाऱ्या संस्था तारखेची हमी द्यायला तयार नसतात. ‘सर्वतोपरी प्रयत्न करू’ एवढ्यावर त्या थांबतात. त्यांच्याकडून टप्प्यांच्या तारखा घ्याव्यात : आराखडा मंजूर, साहित्य मागवलं, खोदाईची परवानगी, चाचणी. पहिला टप्पा चुकला की धोक्याची सूचना तिथेच मिळते. शिवाय एक शेवटची तारीख हवी, जिच्यानंतर करार सोडून भरलेले पैसे परत घेता येतील किंवा मान्यताप्राप्त कंत्राटदाराकडून काम स्वतः करून घेता येईल.

घर घेणाऱ्याच्या करारात ताबा आणि कायमची जोडणी यांची गाठ बांधलेली असावी. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या विजेवर लोकांना राहायला बोलावलं जातं, आणि मग तो पुरवठा वर्ष-दोन वर्षं तसाच चालू राहतो : भार कमी, दर बहुतेक वेळा जास्त, प्रत्येकाचा मीटर नाही, बिल विभागून घ्यायचं. ‘ताबा म्हणजे पूर्णत्वाचा दाखला आणि प्रत्येक घराला स्वतंत्र मीटरसह कायमची वीज, पाणी व मलवाहिनी चालू झाल्यानंतरचा ताबा’ असं एक वाक्य व्याख्येत घातलं की हा सगळा प्रकार करारभंग ठरतो. माझ्या मते घर घेणाऱ्याने एकाच बदलासाठी भांडायचं असेल तर तो या व्याख्येत करून घ्यावा.

नंतर मालक कोण

नळ टाकून झाले, पाणी आलं. आता ते नळ कुणाचे? सार्वजनिक संस्थेने ताब्यात घेतले तर देखभाल तिची. नाही घेतले तर ते विकासकाचे राहतात, आणि विकासक कंपनी बंद करून निघून गेला की कुणाचेच नाहीत. फुटलेल्या मलवाहिनीसाठी रहिवासी नगरपालिकेकडे जातात आणि ‘ही आमची नाही’ असं उत्तर घेऊन परततात.

इंग्लंड-वेल्समध्ये यासाठी त्याच १९९१ च्या कायद्याच्या कलम १०४ खाली आधीच करार करता येतो : ठरलेल्या दर्जाने मलवाहिनी बांधा, आम्ही ती ताब्यात घेऊ. विकासकाकडून हमीची रक्कम घेतली जाते, म्हणजे त्याने काम अर्धवट टाकलं तर त्या पैशातून पुरं करता येतं. ही रचना कुठेही उपयोगी आहे. दर्जा आधीच लिहिलेला, चाचणी ठरलेली (पाण्याच्या नळांना दाबाची, मलवाहिनीला आतून कॅमेऱ्याची), त्यानंतर दोष दुरुस्तीची मुदत, ती संपल्यावर हस्तांतरण आणि तोपर्यंत बँक गॅरंटी. गॅरंटी टप्प्याटप्प्याने सोडावी, पण शेवटचा हिस्सा हस्तांतरणाचा कागद हातात आल्याशिवाय सोडू नये.

भारतात २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने घर घेणाऱ्याला इथे बरंच बळ दिलंय. वीज, पाणी, गॅस, सांडपाणी यांच्या सामायिक यंत्रणा कायद्याच्या व्याख्येतच सामायिक क्षेत्रात येतात. रहिवाशांची संस्था ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा वाजवी आकारात पुरवण्याची जबाबदारी विकासकाची आहे. आणि ताब्यापासून पाच वर्षांत सेवांमधले दोष दाखवून दिले तर कलम १४ प्रमाणे विकासकाने ते ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचे असतात.

थकबाकीही तपासायची. २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात सांगितलं की जागेच्या आधीच्या मालकाची वीजबिलाची थकबाकी भरल्याशिवाय नव्या मालकाला जोडणी देणार नाही, अशी अट वैधानिक नियमांत असेल तर ती ग्राह्य आहे. लिलावात ‘आहे त्या स्थितीत’ घेतलेल्या जागांचे ते वाद होते. जुन्या कारखान्याच्या किंवा पडक्या इमारतीच्या जागी प्रकल्प उभा राहतो तेव्हा हे लागू पडतं. म्हणून जमीन खरेदीच्या करारात थकबाकी नसल्याचा दाखला आणि ती निघाल्यास भरपाई, अशी दोन्ही कलमं असावीत.

आता सुरुवातीच्या त्या ओळीच्या जागी काय लिहिता येईल ते पाहा : ‘विकासक ताब्यापूर्वी प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र मीटरसह किमान ५ किलोवॅट कायमचा वीजपुरवठा, परिशिष्ट क मध्ये दिलेल्या दाबाने व प्रमाणात पाणी, आणि नकाशा ख वर दाखवलेल्या चेंबरपाशी सार्वजनिक मलवाहिनीची जोडणी स्वखर्चाने चालू करून देईल, त्यासाठी लागणारे सर्व सुविधाधिकार नोंदवून ते रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून देईल, आणि यंत्रणांचे प्रत्यक्ष बांधणीचे नकाशे, चाचणी अहवाल व हमीपत्रं हस्तांतरणाच्या दिवशी सुपूर्द करील.’ वाक्य लांबलचक आहे, पण त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून ‘हे झालं की नाही’ असं विचारता येतं.

त्याच्या शेजारी आणखी एक छोटं कलम घालावं. करारातला मजकूर, परिशिष्टं आणि नकाशे यांत फरक आढळला तर कोणतं खरं मानायचं, त्याचा क्रम त्यात लिहायचा. मजकुरात ५ किलोवॅट आणि वीज कंपनीला दिलेल्या अर्जात ३, असं घडतं. क्रम लिहिलेला नसेल तर दोन्ही बाजू आपापला कागद पुढे करतात. करारातला मजकूर आधी, मग परिशिष्टं, मग नकाशे, आणि विकासकाने तिसऱ्याकडे केलेले अर्ज घर घेणाऱ्यावर बंधनकारक नाहीत, असं लिहून घ्यावं.